शब्दाचा पक्का

आमच्या शेडातला सीएनसी लेथ आंधळा आहे, बहिरा आहे आणि शब्दाचा पक्का आहे. चकमध्ये लोखंड धरलंय, पितळ धरलंय की चक रिकामाच फिरतोय, हे त्याला दिसत नाही. इन्सर्टचं टोक उडून टूल किंचाळायला लागलं तरी त्याच्या कानावर जात नाही. त्याला कळतो तो फक्त आकडा. ‘एक्स’पुढे पन्नास लिहून टिंब दिलं, तर तो बरोबर 50 मिलिमीटर व्यासावर जाऊन उभा राहतो. टिंब द्यायचं राहिलं, तर तेच पन्नास त्याच्या लेखी 50 मायक्रॉन होतात, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. आणि मग टूल घेऊन तो थेट जॉबच्या मध्यावर चाल करून जातो. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल, असला विचार तो करत नाही. लिहिलंय ते खरं.

भडगावात असा स्वभाव जड जातो. आमच्याकडे बहुतेक व्यवहार टिंबाशिवायच चालतात. सकाळी येतो म्हणणारा दुपारी उगवला तरी तो आला, हेच महत्त्वाचं. बुश जरा सैल झालं तर ‘चाली जाई’ म्हणायचं, जरा घट्ट झालं तर हातोड्यानं बसवायचं. गिरणाकाठची शेतीही याच हिशोबावर उभी आहे: धरण किती भरलं त्यावर आवर्तन ठरतं, आवर्तनावर गहू ठरतो, आणि ठरलेलं कधीही बदलू शकतं. अशा गावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडात, हा मायक्रॉनचा माणूस येऊन बसला. ट्रकवरून उतरताना बघायला जमलेल्यांपैकी एकानं विचारलंच, “हाई भंगार कसाले लई उना रे भो?”

प्रश्न चुकीचा नव्हता. त्या दिवशी तो भंगारच दिसत होता. अंग तीनेक टनांचं. बेड सरळ नाही, मागे तिरका कललेला. कापलेल्या चिप्स आणि कूलंट आपसूक खाली ओघळावं म्हणून ही घडण. सरकत्या दाराची काच चिप्सच्या माऱ्यानं इतकी ओरखडलेली, की आतलं काही दिसेना. आठ टूलांचा टरेट अर्धवट फिरून मधेच अडकलेला. वंगणाचं तेल आणि कूलंट एकत्र वाळून सगळ्या कानाकोपऱ्यांत तपकिरी चिकटा झालेला, आणि त्याला महिनोन्‌महिने साचलेल्या कूलंटचा आंबूस वास. कीपॅडवरची बाकी अक्षरं शाबूत होती, ‘झेड’ आणि उणे चिन्ह मात्र पार पुसलेलं. लेथवर टूल जॉबमध्ये शिरतं ते झेडच्या उणे दिशेनं. तेव्हा एवढ्या दोन खुणांवरून कळत होतं की या गड्यानं आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही, फक्त काम केलंय.

जन्म बंगळुरूचा, डोकं जपानी. घराणं मोठं. आकड्यांच्या हुकमावर चालणारं पहिलं मिलिंग मशीन 1952 मध्ये अमेरिकेत एमआयटीत चालवून दाखवलं गेलं. मूळ कल्पना जॉन पार्सन्सची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळणदार आकार हातानं काटेकोर निघेनात, या अडचणीतून ती निघाली. जपानात फुजित्सू कंपनीत सेइउएमोन इनाबा यांनी 1956 मध्ये असा कंट्रोल उभा केला आणि 1972 मध्ये त्या विभागाची फॅनक ही वेगळी कंपनी झाली. आमच्याकडच्या गड्याचं डोकं याच घरातलं, ‘झिरो’ मालिकेतलं. शरीराचं गोत्र आपल्याकडचं. सरकारनं 1953 मध्ये स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या मदतीनं बंगळुरूत एचएमटी काढली, तिच्या हाताखाली कारागीर तयार झाले आणि पुढं त्या शहरात लेथ बनवणाऱ्यांची रांगच लागली. मराठी माणसाला यात आपला वाटा सांगायचा तर किर्लोस्करवाडीनं 1910 पासून नांगर ओतले आणि 1941 मध्ये किर्लोस्करांच्याच हरिहरच्या कारखान्यानं लेथ बनवायला घेतले. म्हणजे नांगर आणि लेथ यांची सोयरीक जुनी आहे. आमच्या गावाला ती अजून ठाऊक नव्हती, इतकंच.

तारुण्य गेलं वाळूजला. बजाजचा तिथला कारखाना 1985 मध्ये सुरू झाला, तशी आसपास सुटे भाग पुरवणाऱ्यांची वस्ती उठली. दुचाकीला लागणारी बुशं, पिना, कॉलर असले गोल भाग लाखांनी काढायचे, हे या लेथच्या पिढीचं काम. तिथं त्याला काढून टाकलं ते चुकीचं मोजमाप देतो म्हणून नव्हे. हळू चालतो म्हणून. समजा, नवं मशीन नगामागे दहा सेकंद वाचवतं. हजार नगांचे झाले दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या वर. ज्याला रोज हजार नग द्यायचे, त्याच्या दृष्टीनं जुना लेथ रोज पावणेतीन तास खातो. त्याला ठेवणं परवडत नाही. मग तो कोपऱ्यात जातो, कोपऱ्यातून मैदानात, आणि शेवटी त्याची बोली किलोवर लागते: ओतीव लोखंड इतकं, मोटारीतलं तांबं इतकं.

आम्ही त्याला लोखंडाहून थोड्या चढ्या भावात घेतलं. आमच्याकडे सेकंदाला गिऱ्हाईक नाही, म्हणून तो आम्हाला परवडला.

कन्नडचा घाट उतरून तो खानदेशात आला. या घाटाच्या पायथ्याला, चाळीसगावच्या अंगाला, पाटणादेवी आहे. तिथं तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. गोलाचं पृष्ठफळ काढताना भास्कराचार्यांनी पृष्ठभागाचे बारीक बारीक तुकडे कल्पून त्यांची बेरीज केली. हा लेथही गोलाई कापतो ती याच वाटेनं. वळण म्हणून त्याला काही ठाऊक नसतं. एका वेळी एक मायक्रॉन आडवं, एक मायक्रॉन उभं, अशी इवल्या पावलांची बेरीज तो इतक्या वेगानं करतो, की बघणाऱ्याला गुळगुळीत कमान दिसते. ट्रक पायथ्याला आला तेव्हा ड्रायव्हरचं लक्ष चहाच्या टपरीकडे होतं, ते साहजिक होतं. पण पाटणादेवीच्या वाटेनं असला पाहुणा जावा, हे मला तरी योग्य वाटलं.

हायड्रा क्रेननं त्याला शेडाच्या दाराशी उतरवलं. आत न्यायला हायड्राची मान पुरेना. मग पाइपाचे तुकडे खाली घालून, मागून पहारीनं रेटत, वीतवीत पुढं. सगळ्यात मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढं टाकायचा. यात गावाचा हात कोणी धरणार नाही. विहिरीचं इंजिन, रसाचा चरक, ट्रॅक्टरचं धूड, सगळं आम्ही असंच हलवलेलं आहे. एवढ्या एका दिवशी आमच्या पद्धतीवर त्यानं काही हरकत घेतली नाही.

हरकती दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या. पहिली जमिनीवर. भडगावची जमीन काळी, कपाशीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर टाकलेला कोबा वर्षभर श्वास घेत असतो. घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा जातात त्या त्यामुळेच. घरात आपण चीर बुजवून चुना मारतो. याच्या पोटात बेड जरासा पिळला, तर कापलेला शाफ्ट एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक निघतो. तेव्हा काळी माती उपसून खाली मुरूम लागेपर्यंत खणलं, सळई बांधून काँक्रीट भरलं, आणि ते पुरतं पिकल्यावर त्याला जॅकिंग बोल्टांवर उभा केला. लेव्हल करायला गवंड्याची नळी चालत नाही. मीटरभर अंतरात दोन शतांश मिलिमीटर चढउतार झाला तरी ज्याचा बुडबुडा एक रेघ सरकतो, ती लेव्हल लागते. एवढं करूनही पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर बुडबुडा पुन्हा बघावाच लागतो. जमीन आपला शब्द पाळत नाही. याला पाळायचा असतो, म्हणून मधल्या मधे बोल्ट आम्ही फिरवायचे.

दुसरी हरकत विजेवर. घराला सिंगल फेज, याला हवी थ्री फेज. शेतीच्या फीडरवर ती पाळीनं येते, पण ती शेतीपंपाची; कारखान्याला वापरायची नाही. म्हणून औद्योगिक जोडणी घेतली. तिथंही प्रकरण संपलं नाही. आपल्याकडे तारेतून येतात 415 व्होल्ट, त्याचं जपानी डोकं आणि ड्राइव्ह मागतात 200. मधे ट्रान्सफॉर्मर आला. संध्याकाळी पंप सुरू झाले की दाब झोके घेतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरआधी सर्वो स्टॅबिलायझर आला. पहिल्यांदा स्विच टाकला तेव्हा हायड्रॉलिकचा पंप फिरला, आवाज झाला, पण प्रेशरचा काटा शून्यावरून हलेना. दोन फेजांची अदलाबदल झाली होती आणि पंप उलटा फिरत होता. वायरी बदलल्या, काटा वर चढला, चकचे तिन्ही जबडे खाडकन मिटले. आमच्याकडची ती त्याची पहिली हालचाल. अर्थिंगसाठी मीठ-कोळशाचा वेगळा खड्डा केला, आणि उन्हाळ्यात जमीन वाळते म्हणून त्या खड्ड्याला रोज बादलीभर पाणी ठरलं. आईनं तुळशीनंतरचा नंबर त्याला दिला.

एवढ्यावर त्यानं डोळे उघडले, पण ओळख दिली नाही. स्क्रीनवर अलार्मांची रांग. या मालिकेची स्मरणशक्ती तीन मोठ्या सेलांवर असते. टॉर्चमध्ये घालतो तसले, मिळून साडेचार व्होल्ट. मशीन बंद असतं तेव्हा आठवण टिकवायचं काम त्यांचं. सेल वर्षातून एकदा बदलायचे आणि तेही मशीन चालू ठेवून. कोपऱ्यात आणि मैदानात पडून राहिलेल्या मशीनचे सेल कोण बदलणार? ते संपले आणि हा स्वतःला विसरला. आपला स्क्रू किती लांब, टरेटला टूल किती, कुठपर्यंत धावायचं आणि कुठं थांबायचं, काहीच ठाऊक नाही. जुनं मशीन घेणारे पुष्कळ जण इथं हात टेकतात. लोखंड शाबूत, मोटारी शाबूत, आणि तरी ते फक्त वजन.

तो वाचला एका कागदामुळे. पॅनेलच्या दाराला आतून प्लास्टिकची पिशवी होती आणि तीत कारखान्यानं दिलेली पॅरामीटरची यादी. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, पण पूर्ण. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मशीनची यादी मिळाली असती तरी ती जशीच्या तशी चालली नसती. प्रत्येकाच्या स्क्रूची चूक वेगळी असते. कुठल्या ठिकाणी किती मायक्रॉन कमी-जास्त भरतो ते मोजून प्रत्येकाच्या यादीत वेगळं लिहिलेलं असतं. म्हणजे यादीत त्याची ताकद होतीच, त्याचे दोषही होते.

पुतणी वाचायला बसली, मी दाबायला. पॅरामीटर लिहायची मुभा देणारा एक आकडा आहे. तो शून्याचा एक केला की स्क्रीनवर लगेच अलार्म 100 येतो आणि लिहून होईपर्यंत जात नाही. आपली आठवण भरणाऱ्या माणसावरही त्याचा पूर्ण विश्वास नसतो, हे मला आवडलं. पुष्कळशा ओळी म्हणजे नुसते आठ-आठ शून्य आणि एक. पोरीनं त्याला पाढ्यांचा ठेका लावला, “शून्य शून्य एक शून्य, एक शून्य शून्य एक,” आणि चुकीचं बोट पडलं की ठेका मोडायचा, म्हणून चूक चटकन सापडायची. एका ओळीपाशी ती थांबली. छापील आकडा पेन्सिलीनं खोडून शेजारी दुसरा लिहिला होता आणि पुढे देवनागरीत दोन शब्द: ‘नट घासला’.

ती ओळ बॅकलॅशची होती. स्क्रू एका दिशेनं फिरून उलट फिरायला लागला की नट सैल असेल तेवढा वेळ तो नुसताच फिरतो, टूल जागचं हलत नाही. ती तूट किती, हा आकडा मशीनला सांगून ठेवायचा असतो, म्हणजे ते तेवढं जास्त फिरतं. वाळूजच्या कुणा कामगारानं डायल लावून तूट मोजली, आकडा बदलला आणि पुढच्यासाठी कारणासकट लिहून ठेवलं. नाव लिहिलं नाही. मशीन विकणाऱ्यानं आम्हाला बरंच काही सांगितलं होतं, हे सोडून. खरी तब्येत कळली ती पेन्सिलीच्या दोन शब्दांतून.

मग कुठं उघडायचं ते ठरलं. मोठे भाऊ जिभाऊ यांनी कव्हरं काढली, रॉकेलनं चिकटा धुतला. आत सापडलं ते साधंच: स्लाइडला आणि स्क्रूला थेंबथेंब तेल पोचवणाऱ्या बारीक नळ्या चिकट्यानं तुंबल्या होत्या. पंप चालत होता, टाकीत तेल होतं, आणि नटापर्यंत थेंब पोचत नव्हता. कित्येक दिवस नट कोरडा चालला असेल. नळ्या आणि त्यांची मापी टोकं बदलली, 68 नंबरचं तेल भरलं, प्रत्येक ठिकाणी थेंब सुटतोय हे बोट लावून बघितलं, स्क्रूचं बेअरिंग नवं घातलं, नटाचा ताण पुन्हा बसवला. डायल लावून टूल दशांशभर पुढे नेलं, दशांशभर मागे आणलं. पेन्सिलीचा आकडा आता खोटा झाला होता. जिभाऊंनी तो खोडला नाही. त्याच्याखाली नवा लिहिला, तारीख घातली.

शेडात आधीपासून एक लेथ होता. बटाल्याचा, पट्ट्यावर चालणारा, चार जबड्यांच्या चकचा. त्याचे धनी आबा. आमच्या काकांचे मित्र आणि उभी हयात टर्नर. आबांना डोळे आहेत, कान आहेत. टूल बोथट झालं की त्यांना आवाजावरून कळतं, लोखंडात कठीण जागा आली की चाकावरच्या हाताला कळतं, आणि हात आपोआप हलका होतो. नव्या भिडूकडे ते बरेच दिवस पाठ करून काम करत होते. “याला लोखंडाची शरम नाही,” त्यांचं एकच म्हणणं. खरंच होतं. हा कठीण जागेवरही त्याच वेगानं जातो आणि इन्सर्ट फोडून घेतो.

समेट झाला तो पंपाच्या स्लीव्हवरून. पाण्यातल्या मोटारीच्या शाफ्टवर चढवायच्या स्लीव्ह, सगळ्या एका मापाच्या. आबांनी त्यांच्या लेथवर काढलेली पहिली स्लीव्ह अप्रतिम होती, आणि तिसावीही चांगलीच होती. पण पहिली आणि तिसावी एकमेकींच्या बदली चालल्या नसत्या. माणूस दुपारी थकतो, उन्हात मायक्रोमीटर वेगळं बोलतो. याची तिसावी आणि पहिली मोजली तर काटा त्याच रेघेवर. आबांनी दोन्ही हातात घेऊन उलटसुलट बघितल्या. पुढच्या वेळी प्रोग्रॅम चालू असताना तेच शेजारी उभे राहिले आणि आवाज बदलताच म्हणाले, “थांबव, टोक गेलं त्याचं.” तेव्हापासून त्याचे कान आबा झाले.

वाटणीही ठरून गेली. एकच नग असेल, तुटलेला रोटाव्हेटरचा शाफ्ट असेल, जिनिंगच्या रोलरचं झिजलेलं टोक असेल, तर काम आबांकडे. याच्यावर त्याची सेटिंग करेपर्यंत आबांचा चहा होऊन काम संपलेलं असतं. पन्नास, शंभर नग असले की याच्याकडे. दसरा-दिवाळीनंतर कापूस यायला लागतो, जिनिंग सुरू होतात, तेव्हा आबांना उसंत नसते. उन्हाळ्यात विहिरी खोल जातात, पंपांची रडगाणी येतात, तेव्हा हा राबतो. पूर्वी असल्या कामांना जळगावची एमआयडीसी गाठावी लागायची. आता निदान माप चुकलं तर भांडायला दूर जावं लागत नाही.

मे महिना त्याला सोसत नाही, हेही सांगितलं पाहिजे. जगभरच्या ड्रॉइंगवरचं माप हे 20 अंश सेल्सिअसचं माप असतं. भडगावात ते तापमान थंडीतल्या सकाळी मिळतं. मेमध्ये पारा 44 वर. शंभर मिलिमीटरचा पोलादी व्यास एवढ्या फरकानं 28-एक मायक्रॉन फुगतो. मायक्रोमीटरही पोलादाचा असल्यानं तोही फुगतो, म्हणून दोघं सारखेच तापलेले असले तर घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो कापून नुकताच निघालेला गरम जॉब कपाटातल्या गार मायक्रोमीटरनं मोजला की. त्यामुळे नियम झाला: जॉब आणि मायक्रोमीटर एकाच पाटीवर शेजारी ठेवायचे, दोघांची तापमानं जुळली की मग मोजायचं. घाईत आलेल्या गिऱ्हाइकालाही तेवढं बसावं लागतं. सुरुवातीला लोक चिडायचे. आता बसतात, आणि काही जण आपला जुना शाफ्टही मोजून मागतात. ‘चाली जाई’ बंद झालेलं नाही, पण आता कुणी तसं म्हणालं तर पुढचा प्रश्न येतो, “कितलं?”

तो किती वर्षं चालेल, हेही विचारतात. ओतीव लोखंडाची काळजी नाही. ओतताना अंगात राहिलेले ताण वर्षांनुवर्षं सुटत जातात आणि म्हातारं ओतकाम नव्यापेक्षा जागच्या जागी राहतं. बेअरिंग मिळतात, पट्टे मिळतात, नटही नवा बसवता येतो. भीती आहे ती बोर्डावरच्या चिमूटभर कपॅसिटरांची. ते आतून वाळतात आणि जाताना बोर्डही नेतात. तीन टनांचा हा गडी गेला तर काही ग्रॅमच्या वस्तूनं जाईल. तेव्हा बंगळुरूचं शरीर ठेवून त्यावर नवं डोकं बसवायचं, एवढाच मार्ग. आणि त्या नव्या डोक्याला याच्या स्क्रूच्या चुका पुन्हा पहिल्यापासून मोजून सांगाव्या लागतील. पॅरामीटरची यादी म्हणून आता तीन ठिकाणी आहे: पॅनेलच्या दारात, कॉम्प्युटरवर, आणि घरातल्या लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या फाइलीत.

सेल बदलायचा दिवस मुद्दाम खंडेनवमीचा ठरवला, म्हणजे विसरायला नको. त्यावरून वाद झाला. त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून ठेवायची, चालवायची नाहीत. आबांच्या लेथचा पट्टाही उतरवलेला असतो. आणि याचे सेल तर मशीन चालू असतानाच बदलायचे. आबा आधी म्हणाले, आज नको, उद्या कर. उद्या म्हटलं की काय होतं हे शेडात सगळ्यांना माहीत होतं. शेवटी तोड निघाली: वीज द्यायची, स्क्रीन लावायचा, पण स्पिंडल फिरवायचा नाही. हळदकुंकू दारावर, स्लाइडवर चिमूटही पडू द्यायची नाही, हे आबांनीच सगळ्यांना बजावलं. जिभाऊंनी सेल बदलले, यादीच्या खाली तारीख लिहिली. “बाकीच्यांची पूजा, याचं जागरण,” आबा म्हणाले. आणि काढलेले तिन्ही सेल हातावर तोलून बघत त्यांनी खिशात टाकले. अजून थोडा जीव होता त्यांच्यात, आणि शेतातली वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची होती.